वल्ह्याला लावलेला कान

प्रिय शामकला,
तुला आणि घरच्या सगळ्यांना ताईचे आशीर्वाद. तुझ्या लेकीची, भूमिकाची परीक्षा कशी झाली?

मी मजेत आहे. "आता कायले जाऊन राहिली, बाई?" असं तू निघताना म्हणालीस. अगं, अणुवीज केंद्राने निवृत्त बाईला मुद्दाम बोलावलं! तीस वर्षं पंपाला लोखंडी सळई टेकवून, तिचं दुसरं टोक कानाला लावून मी त्याची दुखणी ऐकली, वह्यांत टिपली, तेव्हा ते बाईंचं खूळ होतं. आता तेच संगणकाला शिकवलं, की बाकीच्या केंद्रांच्या पुढे जाता येतं म्हणे. आपल्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी इतक्या उशिरा जागे झालेल्या या शहाण्यांना बाकावर उभं केलं असतं.

काल एका पंपाला सळई लावली आणि मला थेट नवेगावचा तलाव आठवला. बाबा डोंग्यातून वल्हं पाण्यात सोडायचे, दांडा कानाला लावायचे आणि मासळी कुठे आहे ते सांगायचे. तसंच शांत, खोल पाणी वाटलं. मी डोळे मिटूनच म्हटलं, "पंप ठणठणीत आहे." संगणकाच्या पडद्यावर मात्र धोक्याचा पिवळा दिवा लागला होता. पंप उघडला, तर बेअरिंग झिजलेलं.

रुचिका नावाची इंजिनिअर पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, संगणकाने ते तुमच्याच जुन्या वह्यांवरून ओळखलं." मी तिच्यावर उगाच खेकसले.

काळजी करू नको, सर्दीने कानाला दडा बसला असेल. बाबांचं वल्हं जपून ठेवलं आहेस ना? मी आले की दोघी तलावावर जाऊ. दांडा आधी तू कानाला लाव, आणि काय ऐकू येतं ते मला जरा मोठ्याने सांग.

तुझी,
रुख्माताई