तुझं पान फिकं का निघालं

कर्जत, जानेवारी १९४६

प्रिय जहिरा,

अनेक दुवा. तुझं कार्ड पोचलं. अकोल्याला माहेरी लावलेल्या नागवेलीचं पान फिकं निघालं, तुझी आई म्हनती गवत चघळल्यावानी लागतं, म्हनून वेल उपटून तू कायमची माघारी सासरी येतीस, असं लिव्हलंस. एवढ्यासाठी कुनी गाडीभाडं घालवत न्हाई. आधी ऐक, मंग काय उपटायचं ते उपट.

बेनं मीच तुझ्या गाठोड्यात बांधलं हुतं, ते वाईट न्हाई. चूक तुझी हाय. लेंडीखत घातलंस, रोज पानी पाजलंस, किडीनं कुरतडलेलं पान दिसलं की खुडून टाकलंस. लाडावलीस तिला. वेल तिखट धरती ती काय आपल्या जिभंसाठी? तिला पाय न्हाईत. अळी आली, बुरशी चढली, तर पळनार कुठं? म्हनून अंगातच जहाल तेल करती आन् पानात भरून ठिवती. अळीनं घास घेतला की आनखी भरती. खायला-प्यायला भरपूर, त्रास कुनाचा न्हाई, मंग ती नुसती वाढत सुटती. पान ताटाएवढं आन् चव पान्याची. मागं शेतकी खात्याचा मानूस आल्ता, त्यानं आपली पानं उकळून वाफ बाटलीत धरली, वर तेलाचे थेंब तरंगले. तू नाक लावून वास घेतलास आन् दिवसभर शिंकत बसलीस. तुझा नबीलाल किती हसला हुता. आता त्याला जाऊन दोन वर्सं झाली.

आनखी एक. शेंड्याचं कवळं पान खुडलं असशील. खालचं जून पान घ्यावं, त्यात तेल मुरल्यालं असतं. आन् पहिल्या वर्साला चव बघूच न्हाई. वेल खाली उतरवायची, तिचं वेटोळं मातीत पुरायचं, नवा फुटवा आला की मंग पान खायचं. आपल्या मळ्यातबी पहिलं पान असंच निघालं हुतं. तुझ्या सासूनं, अल्ला तिला जन्नत देवो, माझ्यासमोर थुकलं, आन् वर म्हनली, ह्याच्यापरीस बकरी पाळा.

माझ्या जेवनाचं लई लिव्हतीस. शेजारची लंकाबाई भाकरी करून देती. जाड करती, मी गुमान खातो.

आता मुद्द्याचं. तू पानासाठी येत न्हाईस. तुझ्या बापाचा निरोप आलाय. अलीम शिंप्यानं तुला मागनी घातली, तुला तो बरा वाटतो, तरी तू सांगितलंस, अब्बा तिकडं एकटे हायेत, मला गेलं पायजे. मला न विचारता माझं नाव कशाला पुढं केलंस? मी तुझ्या बापाला कळवलंय, निकाहात जहिराचा वकील, तिच्या वतीनं कबुली सांगनारा, मी हुनार, दुसरा कुनी बसवू नका. कबुली मी तुझ्याच तोंडून ऐकनार. मानूस नको असंल तर सरळ न्हाई म्हन, तसाच घिऊन येईन तुला, परत इषय काढनार न्हाई. पन माझ्यासाठी न्हाई म्हनू नको. आन् नबीलालसाठी तर नकोच. त्याचा बाप हाय मी, मीच सांगतोय.

तुझाच अब्बा,
बाबाजान