कानाचं माप

नांदेड, ३ जुलै २०२४

ती. दादास, शिवकन्याचा सा. न.

फोनवर बोललं की हे शेजारच्या पलंगावरून सगळं ऐकतात, म्हणून पत्र लिहितेय. बिलोलीच्या रस्त्यावर हे गाडीवरून पडले त्याला चौदा महिने झाले. कमरेखाली अजून काही हलत नाही. मी दमलेय रे.

यांचे दोन जुने स्पीकर लोखंडी पेटीवर ठेवलेत. गाणं कमी, पेटीच जास्त वाजते. लाकडाचे दोन स्टँड करून दे. स्पीकर कानाच्या उंचीला हवा म्हणतात. पलंगावर आडव्या माणसाला अठरा इंचांचे स्टँड पुरतील, मी मोजलंय. वहिनींना नमस्कार. आठवण असू दे.

तुझी,
शिवकन्या

लातूर, ९ जुलै

चि. शिवकन्या, अ. उ. आ.

बाभूळ वजनाला चांगली, पण ओली निघाली तर तडकते. चाकूरच्या शेतातला कडुलिंब दोन वर्षं सावलीत वाळलाय, तोच घेतो. खांब पोकळ ठेवून आत कोरडी वाळू भरतो, म्हणजे हादरा तिथंच जिरतो. तळाला जाड फळी.

माप मात्र तुझं घेणार नाही. आडव्या माणसाच्या मापानं लाकूड कापणं अशुभ, असं आपल्या अप्पांनी माझ्या हातात रंधा दिला त्याच दिवशी बजावलं होतं. खुर्चीतल्या माणसाचे तीस इंच धरतो. वीरेशराव बसतील. तू लहानपणापासून टेप उलटाच धरतेस! जिवाला जप.

तुझा दादा,
बसवराज

नांदेड, २४ जुलै

ती. दादास, सा. न.

स्टँड पोचले. देखणे झालेत, पण आवाज यांच्या डोक्यावरून जातो. मला तुझा राग आला. येणारा प्रत्येक जण उठून बसतील असं म्हणून जातो, मग हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. आता बसणं होणार नाही, हे डॉक्टरांनी मला एप्रिलमध्येच सांगितलंय. मी कुणाला बोलले नव्हते.

चिडून तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, तर किती दिवसांनी हसले! म्हणाले की दादाला लिव्ह, हाव, बसनार हाय मी, आपल्यात मेल्यावर मानसाला बसवूनच पुरतात. तवर मला निवांत पडू द्या आन् ते खांब कापा. डॉक्टरांचं त्यांना आधीच ठाऊक होतं. मला वाईट वाटू नये म्हणून गप्प होते. मी खूप रडले. करवत घेऊन ये.

शिवकन्या

लातूर, ५ ऑगस्ट

चि. शिवकन्या, अ. उ. आ.

काल निघताना तुला उठवलं नाही, म्हणून लिहितोय. जेवण झाल्यावर तू स्वयंपाकघरात चटईवर आडवी झालीस ती झालीसच. मी दोन्ही खांब कापले, वाळू घरभर सांडली, तरी तुला जाग नाही. वीरेशराव म्हणाले की वर्षात पहिल्यांदा दुपारची झोपलीय, गाणं नंतर लावू.

कापायच्या आधी माप घ्यायला मी धजेना. तेव्हा त्यांनीच टेपचं टोक माझ्याकडून घेतलं आणि आपल्या कानाला लावून धरलं. अठराच भरले. तुझं माप बरोबर होतं, बाई. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
बसवराज