बाबांची बिनसिमेंटची खोली

३ फेब्रुवारी
मी दहावीत असताना आई म्हणाली होती, तू आधी ठरवतेस आणि मग विचार करतेस. आज उगाचच आठवलं. या वेळी आधी विचार केला आहे. आईला जाऊन पाच महिने झाले. बाबा सध्या दादाकडे. एक एप्रिलला माझ्याकडे येतील, कायमचे. त्यांच्या दम्यासाठी मागची खोली नव्याने करायची. सिमेंट नाही, प्लास्टिक नाही, रंगाचा वास नाही. सगळं इको-फ्रेंडली. आठ आठवडे म्हणजे डोक्यावरून पाणी.

६ फेब्रुवारी
मिस्त्री येऊन गेले. म्हणाले, ताई, फरशी चांगली आहे, भिंती ठणठणीत आहेत, रंगाचा एक हात मारू, चार दिवसांत मोकळे. पर्यावरण त्यांच्या गावीही नाही. फोडायला सांगितलं.

१० फेब्रुवारी
फोडलं. राडारोड्याची त्रेचाळीस पोती निघाली. कुठे जाणार, विचारलं. सगळे नाल्यात टाकतात, मिस्त्री म्हणाले. मी अर्थातच नकार दिला. पोती तूर्त जिन्याखाली. खालच्या काकूंनी विचारलं, काय गं, युद्धबिद्ध होणार आहे का? हसायला हवं होतं बहुधा.

१९ फेब्रुवारी
बांबूचं फ्लोअरिंग आलं. बांबू म्हणजे शेवटी गवतच, कापलं की पुन्हा उगवतं. हे मात्र बोटीने समुद्र ओलांडून आलं, थर्माकोलमध्ये, वर प्लास्टिकचे तीन थर. प्लास्टिक टाकून देणं तत्त्वात बसत नाही, म्हणून पलंगाखाली ठेवलं. फळ्यांना गोंदाचा उग्र वास. मिस्त्री नाकावर रुमाल धरून म्हणाले, यापेक्षा रंग बरा होता की हो! वारा लागला की जाईल, मी म्हटलं. फळ्या गच्चीवर पसरल्या.

२ मार्च
वास गेलेला नाही. असो. भिंतींना चुन्याचा गिलावा करायचा आहे. मिस्त्रींनी तो त्यांच्या वडिलांच्या हाताखाली केला होता, एकदाच. चुना भिजवून पिंपात तीन आठवडे तरी मुरवायचा. हळूच म्हणाले, चिमूटभर सिमेंट घालू का, कुणाला कळणार नाही. मला कळेल, असं बाणेदारपणे सांगितलं.
बाबांचा फोन. कुठवर आलंय, विचारत होते. जवळजवळ झालंच, म्हटलं. खोलीत एक फावडं होतं.

११ मार्च
आई गेल्यापासून रडू आलेलं नाही. धुळीने डोळे कोरडे पडतात, कुठेतरी वाचलंय. धूळ फेब्रुवारीत आली, ही गोष्ट वेगळी.
संध्याकाळी बादली पालथी घालून बाबांच्या खोलीत तासभर बसले. भिंतींची पाहणी. कामाचाच भाग.

२४ मार्च
गिलाव्याचा पहिला थर लागला. हात लावून पाहिला. गार, ओला. सुकायला दीड महिना, आणि घाई केली तर तडे जातील. दादाला कळवलं, एक एप्रिल नको, मेअखेर. तो म्हणाला, तुला बाबा हवेत की भिंत? दादाला मटेरियलमधलं काही कळत नाही.

१ एप्रिल
बाबा आले नाहीत. दादाने रविवारी त्याची सामानाची खोली रिकामी केली, कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळेल तो रंग आणून फासला. बाबांचा पलंग तिथे लागला. त्रास होतोय का, वहिनीला विचारलं. नाही. खोकला? नाही गं, छान झोपतात. पुन्हा एकदा विचारलं. वहिनी म्हणाली, अगं बाई, खोकायला लावू का त्यांना?
बाबा फोनवर म्हणाले, मला इथेच बरं वाटतंय, तू तुझं निवांत कर.
मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

५ एप्रिल
मिस्त्रींनी विचारलं, ताई, दुसरा थर लावायचा ना? हो म्हटलं. ते म्हणाले, राहणार कोण इथे? बांबूला अजून वास येतोय, एवढंच सांगितलं.

९ एप्रिल
बाबांना मेसेज पाठवला. नाही म्हणतील, माहीत आहे. घरात काम चालू असताना ते उघडं टाकून येतात का, असं म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. तरी पाठवला. 'बाबा, खोली काही इतक्यात होत नाही. झाली तरी तुम्ही येऊ नका, तिथे बरं आहे ना. मीच थोडे दिवस तिकडे येऊ का? तुमच्या पलंगाशेजारी खाली अंथरूण घालेन.'