मी न भरलेलं काडतूस

आयसेलिन, ७ ऑक्टोबर २००६

प्रिय ऋषी,

एरवी 'चि. ऋषीस अनेक आशीर्वाद' लिहितो. आज आशीर्वाद आतून येत नाहीत आणि खोटं लिहायची मला सवय नाही. तेव्हा नुसतं प्रिय. तेवढं मात्र खरं आहे, काय करणार!

नेत्राकडे मी बरा आहे. तुझी बहीण सकाळी आठला ऑफिसला जाते, मग मी ओक ट्री रोडपर्यंत चालून येतो. दुकानदारांनी आत्तापासूनच पणत्या मांडल्यात. गुडघा दुखतो, पण चालतंय. हे फोनवरही सांगता आलं असतं, फक्त तीन आठवडे तुझा फोन नाही. नेमबाजीच्या रेंजवर तुझं पिस्तूल फुटलं, राजीवच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, हे मला परवा गुरुवारी कळलं, तेही खुद्द राजीवकडून. तुझा शाळेपासूनचा मित्र, त्याने बापड्याने डाव्या हाताने नंबर फिरवला. तो काय म्हणाला ते पुढे लिहितो. आधी मला काय आठवतंय ते लिहितो, कारण माझीच आठवण मला तपासायला लावलीस तू.

ग्रीन कार्ड आल्यावर लोक घर बघतात, तू पिस्तूल बघितलंस. मग विकतच्या काडतुसांत मजा नाही म्हणून रेडमंडच्या त्या गॅरेजात काडतुसं भरायचा प्रेस बसवलास आणि रिकाम्या पितळी केसेस पुन्हा भरायला लागलास. मी जूनमध्ये आलो तेव्हा, खरं सांगतो, मला आनंद झाला होता. खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मी काडतुसंच तपासली. म्हटलं, चला, उशिरा का होईना, पोराला बापाच्या कामाची गोडी लागली!

तेव्हा तुझ्या पिस्तुलाच्या नळीत शिसं चिकटायचं. दर रविवारी ब्रश घेऊन घासत बसायचास. इंटरनेटवर वाचलंस की गोळी मऊ आहे, कडक घ्या. कडक घेतलीस तर शिसं दुप्पट. मी म्हटलं, अरे, तुझी गोळी नळीपेक्षा केसभर बारीक आहे. कडेने गरम वायू निसटतो, शिसं वितळवतो आणि नळीला लिंपून ठेवतो. आधी नळी मोज, मग गोळी निवड. आणि दारूचं माप बदलायचं तर पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरू कर, एकेक पायरीने. तू हसलास. पंधरा दिवसांनी क्लबातल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने हेच सांगितलं, तर लगेच मायक्रोमीटर आणलास आणि वर मलाच समजावायला बसलास! पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. नळी साफ झाली, तू खूश झालास, मी पुढे काही बोललो नाही.

मी एकदा पितळी केस उचलून बघायला गेलो तर म्हणालास, बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात, काडतुसाला नुसता हात लावणंसुद्धा इथे गुन्हा आहे. बरं बाबा. त्या दिवसापासून मी तुझ्या गॅरेजात हात मागे बांधून उभा राहिलो. एकदाही सोडले नाहीत. हे तुला माझ्याइतकंच पक्कं माहीत आहे.

मग ऑगस्टमधला तो शनिवार. ट्रेमध्ये पन्नास केसेस उभ्या होत्या आणि तू ओळीने दारू टाकत होतास. तिसरी ओळ अर्धी झाली आणि ऑफिसचा फोन आला. कुठलातरी सर्व्हर डाऊन झाला होता. फोन कानाला लावून तू बाहेर गेलास, वीस मिनिटांनी आलास आणि तसाच कानाला फोन ठेवून पुन्हा टाकायला लागलास. कुठून सुरू केलंस ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. मी म्हटलं, ऋषी, मध्ये काम थांबलं की आमच्याकडे अख्खा ट्रे उलटा करून पहिल्यापासून भरतात. निदान बॅटरी मारून प्रत्येक केसमध्ये डोकावून बघ, दुप्पट दारू पडली तर पिस्तूल फुटतं, पण पडलेली डोळ्यांना दिसते. तू फोनवर हात ठेवलास आणि म्हणालास, बाबा, ही तुमची फॅक्टरी नाही, प्लीज आत जा. मी गेलो. दुसऱ्या दिवशी गॅरेजला कुलूप होतं. सप्टेंबर लागताच मी नेत्राकडे आलो.

परवा राजीव फोनवर म्हणाला, काका, मनाला लावून घेऊ नका, वय झालं की होतं असं. ऋषी सांगत होता की तुम्ही फार हौसेने ते काडतूस भरलं होतं, त्याला तुम्हाला नाही म्हणवेना. माझा तुमच्यावर अजिबात राग नाही, काका.

मी काय केलं असेल? काही नाही. हाताला जप, एवढंच म्हणालो. तुझी लाज राखायला गप्प बसलो आणि त्याला वाटलं, म्हातारा कबूल झाला. लाज तुला वाटायला हवी होती, मेल्या, आणि दोन दिवस मान खाली घालून मी फिरतोय! एका मित्राची बोटं घालवलीस. चूक होते, माझ्याही हाताखालच्या माणसांकडून झाल्यात. पण ती बापाच्या नावावर टाकताना तुझी जीभ कशी वळली रे?

आज लिहायला बसलो ते एवढ्यासाठी. राजीवचंही पत्र मी लिहून ठेवलंय. त्यात ट्रे आहे, फोन आहे, कुलूप आहे. माझी चूकही लिहिली आहे, की मला सगळं दिसत होतं आणि तरी तुझ्या एका शब्दावर मी आत गेलो. तो ट्रे मी जमिनीवर पालथा करायला हवा होता, मग गुन्हा होवो नाहीतर आणखी काही. ते पत्र मी सोमवारी, सोळा तारखेला पेटीत टाकणार. हे तुला बुधवार-गुरुवारपर्यंत मिळेल. म्हणजे तुझ्या हातात तीन-चार दिवस आहेत. राजीव तुझ्यापासून दहा मिनिटांवर राहतो. त्याच्या घरी जा, समोर बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग. सांगून झालं की मला एक फोन करायला सांग. त्याला. तू करू नकोस.

तुझाच, इलाज नाही म्हणून,
बाबा