गुडघ्यातलं पाणी

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आईचं ब्लड प्रेशर ताळ्यावर आलंय. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर आई घरातसुद्धा अंगावरून काढत नाही.

तू फोनवर आईकडे माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस म्हणे. तर ऐक. मंगळवारी डॉक्टरांनी सुई घालून उजव्या गुडघ्यातलं पाणी काढलं. पाणी कसलं, पिवळट, चिकट, तार धरणारं काहीतरी. भरलेली सिरिंज त्यांनी मला दाखवली आणि मला शिसारी आली. पस्तिशीच्या बाईचा गुडघा साठीचा झालाय, म्हणाले. जिना मी कठडा धरून उलटी उतरते. उशीला, कपड्यांना, चहाच्या कपालासुद्धा मलमाचा वास. गुडघ्याचा तो घामट पट्टा काढला की खालची कातडी भिजलेल्या पावासारखी पांढरी दिसते. माझाच पाय, पण हात लावायला किळस येते.

"पहिल्यांदा कधी दुखला?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवत नाही," म्हटलं. खोटं बोलले. मी सोळा वर्षांची होते, तू माझा कोच होतास. वजनाचा बार खांद्यावर घेऊन खाली बसले आणि आत काहीतरी कट्कन वाजलं. तू पट्टा करकचून आवळलास आणि म्हणालास, "दुखतंय म्हणजे पाय जिवंत आहे. चल, ऊठ." मी उठले. त्या वर्षीचं पदक तुझ्या हॉलमध्ये लटकतंय.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुला दोष देणं सोपं आहे, ते मनातल्या मनात पुष्कळ करून झालं.

माझ्याकडे एक मुलगी शिकत होती. एकोणीस वर्षांची, अठ्ठेचाळीस किलोची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. सप्टेंबरात म्हणाली, "ताई, खाली बसताना आतून करकरतंय." स्पर्धा आठ दिवसांवर होती. मी तिचा पट्टा आवळला आणि तुझं ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं. शब्दन्‌शब्द. आवाजसुद्धा तुझाच.

तिचा दुसरा नंबर आला. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत गेले. दोन मुली तिच्या काखेत हात घालून तिला संडासात बसवत होत्या. गुडघा वाकत नव्हता, म्हणून दार उघडंच. पाय समोर लाकडासारखा ताठ. मला बघून ती हसली. "ताई, जमलं ना?"

मी बेसिन गाठलं आणि भडाभडा ओकले. तिची किळस नव्हती रे ती.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. सहा महिने वजनाला हात लावायचा नाही, म्हणाले. तिच्या घरी जाऊन मी तिच्या आईला सगळं सांगितलं. बाई शिवणकाम करते. मशीन न थांबवता म्हणाली, "तुमच्या भरवशावर सोडली होती." बस्स. स्पर्धांच्या यादीतून मी चिमणीचं नाव काढलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं, माझं संपलं म्हणून मी तिच्यावर जळते.

आणि आता ती तुझ्याकडे शिकायला आलीय. आई साधी आहे, तिने फोनवरचं सगळंच सांगितलं. माझ्या गुडघ्याचं एका वाक्यात उरकून तू विचारलंस, "त्या पोरीचा गुडघा स्पर्धेपर्यंत दोन महिने काढेल का?"

काढेल, दादा. दोन महिने सहज काढेल. माझ्याही गुडघ्याने काढले होते. म्हणूनच तिला बारखाली उभी करू नकोस.

डॉक्टरांचा कागद सोबत जोडलाय. त्याची प्रत आज सकाळी वेटलिफ्टिंग संघटनेच्या सचिवांकडे दिली, सोबत मी काय केलं ते माझ्या सहीनिशी लिहून. माझं कोचिंग जाईल, जाऊ दे. तिचं नाव तुझ्या यादीत दिसलं तर सचिवांसमोर तुझ्याविरुद्धही बोलेन. तू चिडशील, वहिनी बोलणं टाकेल. चिमणीला सांग, सगळा दोष माझा. तिला मला खुशाल शिव्या घालू दे, फक्त घरी पाठव.

दरवेळी पत्राखाली 'तुझी लाडकी' लिहिते. आज हात वळत नाही.

तुझी बहीण