थियानं काढलेले डोळे

प्रिय थिया,

एडिथमावशीचा गुडघा आता बरा आहे. चर्चच्या चहाला काठी टेकत येते आणि नवा माणूस दिसला की आधी तू पेपरासाठी काढायचीस त्या खटल्यांच्या चित्रांबद्दल सांगते. कोर्टात पेन्सिल चालवायला बंदी, सगळं डोळ्यांत साठवायचं आणि बाहेर येऊन काढायचं, हे ती अशा थाटात ऐकवते की जणू तिनंच तुला शिकवलं. मी केक कापत असते, पण कान तिकडेच.

शाळेत मी ‘पिक्चर’ हे क्रियापद शिकवलं, तेव्हा तू माझ्याच वर्गात होतीस. एक अर्थ मनात चित्र उभं करणं, दुसरा चित्रात दाखवणं. कुणी म्हणालं, आजी कधी तरुण होती हे पिक्चरच करता येत नाही. कुणी म्हणालं, चित्रकारानं राजाला घोड्यावर पिक्चर केलंय. तू विचारलंस, “मनात एक दिसलं आणि कागदावर दुसरंच काढलं, तर कुठला अर्थ?” पोरं हसली. मी घाईत म्हटलं, “त्याला खोटं म्हणतात.” तू हसली नाहीस.

गोदामाच्या आगीचा खटला उभा राहिला, तेव्हा रखवालदार गॉर्डन प्रीसला अख्ख्या हॅलिफॅक्सनं मनात रंगवूनच ठेवलं होतं. आगीत त्याचा सोबती गेला होता आणि आग यानंच लावली असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा. तू मात्र काढलास खांदे पडलेला, कोटाची बटणं चुकलेली, डोळे सुजलेला माणूस. डोळे जरा क्रूर कर, असं संपादकानं सांगितलं. तू म्हणालीस, “दिसले तसे काढलेत. दुसरे हवे असतील तर दुसऱ्याकडून घ्या.” त्यानं घेतले. तुझं काम गेलं आणि ही गोष्ट गावभर झाली. बाजारात मला ऐकवायचे, तुमची लेक खुन्याची कड घेते. पुढे आग जुन्या वायरींमुळे लागल्याचं सिद्ध झालं, तो सुटला. पण पोरी, तो सुटला नसता तरी तुझं चित्र खरंच राहिलं असतं. हे मला तेव्हा उमगलं आणि मी तुला ते कधी सांगितलं नाही.

गुरुवारी प्रीस आपल्या दारात आला होता. चहा उभ्यानंच प्यायला. त्याच्या मुलीला शाळेतल्या पोरांनी ते क्रूर डोळ्यांचं चित्र नेटवरून काढून दाखवलंय. त्याला तुझं चित्र हवंय, घरात लावायला. म्हणाला, “त्या दिवसांतला बाप तिनं पिक्चर करायचाच, तर असा करू दे.” तुझा पत्ता मी दिला नाही, चित्र तुझं, तेव्हा उत्तरही तूच द्यायचं. निघताना फाटकापाशी थांबून तो म्हणाला, “त्या कोर्टात तुमच्या मुलीनं माझ्याकडे खरंच पाहिलं होतं.” मी म्हटलं, “ती तसंच पाहते.” एवढं बोलताना मान ताठ झाली होती, थिया, म्हणून आज लिहायला बसले.

तुझीच,
आई