तुपाच्या भांड्यातली कणीक

तुपाचं भांडं रिकामं झालं की ते घासायच्या आधी त्यातच कणीक भिजवायची, हे तुम्ही मला शिकवलं, आणि त्यापायी या वयात माझ्या पोटच्या पोरानं मला चोर म्हटलं. सरळ नाही म्हटलं, पण म्हटलं. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं. आत्याबाई, सासू म्हणून तुम्ही जे शिकवलं ते मी तुमच्या मागंही मोडलं नाही, तेव्हा आता ऐकून घ्यावं लागेल. मी काही लिहिणारी बाई नाही. माझं शिकणं जेमतेम अक्षरं जुळवण्यापुरतं, हे तुम्हीच चारचौघांत सांगायच्या. तरी लिहून राहिली, कारण घरात ऐकायला कोणाला वेळ नाही आणि मला आता बोलायची ताकद नाही.

तुमच्या नातवाला मुलगी झाली. सून सिहोऱ्याची, हिंदीवाली, मला मम्मीजी म्हणते. मराठी सगळी समजते, बोलत नाही. भांडायला बरं पडतं. पोर सुरुवातीला चांगली होती, मग दूध प्यायली की पाय पोटाशी ओढून रडायला लागली. गालावर लाल चट्टे उठले, आणि एक दिवस शीमध्ये शेंबडासारखं काही आणि त्यात रक्ताचे दोरे दिसले. विजय नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला गाईचं दूध सोसत नाही. मी म्हटलं, बाई, तिला गाईचं दूध देतो कोण? आईचंच तर पिते. तर म्हणे आई जे खाते त्याचा अंश तिच्या दुधात उतरतो. पाजणं सोडू नका, आईचं खाणं बदला. दूध, दही, ताक, पनीर, लोणी, तूप, खोवा, सगळं बंद.

बाळंतिणीचं तूप बंद! मी डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता. तो डबा पोरगा फॅक्टरीत घेऊन गेला आणि मोठाल्या मिशांच्या माणसांनी बाळंतिणीचे लाडू खाल्ले. पण सांगितलं ते मी सगळं केलं. तिची कढई वेगळी, चमचा वेगळा, फोडणी तेलाची, चहा काळा. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक लिहिलेलं ती वाचायची आणि पुडा माझ्याकडं सरकवायची, म्हणजे त्यातही दूध निघालं. तरी रक्त थांबेना. मग डॉक्टरीणबाईंनी सोयाबीन बंद केलं, अंडं बंद केलं, शेंगदाणे बंद केले. सुनेचे केस गळायला लागले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ताटात भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी आणि पोळी. मी म्हणायची, पोळी तेवढी पोटभर खा बाई, पोळीत काय असतं. मऊ पोळ्या असल्या की मुद्दाम तिच्यासाठी बाजूला ठेवायची.

पोरगा म्हणाला, बस झालं, डब्याचं खास दूध आणू. आणलं. पोर जिभेनं बाहेर ढकलते आणि आईकडं पाहून रडते. सून म्हणाली, "थोड़े दिन और देख लेते हैं." आणि माहेरी गेली. तिच्या आईला डॉक्टरीणबाईंचं सगळं फोनवर सांगून ठेवलं होतं. तिथं पोरीचे गाल निवळले, रक्त थांबलं. माझा जीव भांड्यात पडला. परत आली, आठवडा गेला नाही तर पुन्हा तेच. आता मला सांगा, माणूस काय समजेल? पोरगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, खरं सांग. तिच्या वरणात चोरून तूप तर नाही घालत तू? जुन्या बायका ऐकत नाहीत." मी म्हटलं, "चोरून मी तुझ्या बापाला कधी बिडी दिली नाही, तुझ्या बायकोला तूप देऊ?" तो गेला. विश्वास बसला असं काही म्हणाला नाही. सून दुसऱ्या दिवसापासून स्वतःचं वरण स्वतः शिजवायला लागली. ते बोलण्यापेक्षा वाईट. इतकी वर्षं या चुलीसमोर काढली, आणि आता मी झाकण उचललं की तिची नजर माझ्या हातावर.

मग एक दुपार. बाकीच्यांसाठी तूप कढवलं होतं, गोहलपुरच्या दूधवाल्याची साय जमली होती. तूप गाळलं, तळाशी खरपूस बेरी राहिली, आणि मी सवयीनं त्यातच कणीक टाकून पाणी घातलं. सून पोरीला खांद्यावर टाकून थोपटून राहिली होती. थोपटता थोपटता हात थांबला.

"मम्मीजी, आटा आप इसी में सानती हैं?"

"मग काय बेरी फेकून देऊ?"

"हमेशा?"

"हमेशा. काहून?"

ती तिथंच फरशीवर बसली आणि हसायला लागली. मग रडायला लागली. तिच्या माहेरी तूप पाकिटातलं येतं, तिथं बेरीही नाही आणि भांडंही नाही. दर वेळी तूप झालं की मी तिला दुधाचा खरवडलेला तळ पोळीतून खाऊ घालून राहिली होती, आणि तिच्याच ताटात जास्त, कारण त्या पोळ्या मऊ. तूप मी बंद केलं होतं, आत्याबाई. पण बेरीला मी कधी तूप समजलीच नाही. बेरी म्हणजे तुमची शिस्त. नवी नवरी होती तेव्हा हेच भांडं मी राखेनं लख्ख घासून तुमच्यासमोर ठेवलं होतं. शाबासकी मिळेल वाटलं. तुम्ही मोरीत वाहून गेलेली बेरी पाहिली आणि म्हणाल्या, "माहेरी म्हशींचा तांडा होता वाटते." सगळ्या बायका हसल्या. आणि पोरगा झाला तेव्हा त्याच भांड्यातल्या पोळ्या तुम्ही फक्त माझ्या ताटात वाढायच्या. नणंदेनं मागितली तर म्हणाल्या, आधी बाळंतीण हो. गोड तुम्ही मला कधी बोलल्या नाहीत. त्या पोळ्यांवर मी तुमचं बाकीचं सगळं गिळलं.

आता एक बसून बसून आठवते. पोरगाही असाच रडायचा, पाय असेच पोटाशी. तुम्ही मिरच्या ओवाळून जाळल्या, दृष्ट काढली, आणि माझ्या वरणावर तूप वाढवलं. लंगोट मला धुऊ दिले नाहीत, बाळंतिणीनं गार पाण्यात हात घालायचा नाही म्हणून. सगळे तुम्हीच नळावर नेऊन धुवायच्या, पाठ माझ्याकडं करून. मी समजायची, चला, म्हातारीला माया आहे. वर्ष उलटलं आणि तो आपोआप बरा झाला.

नात आता बरी आहे. गाल साफ आहेत. वर्षाची झाली की हळूहळू पाहू, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पोरानं माफी मागितली नाही, जास्त दुधाचा चहा करून माझ्यासमोर ठेवला. कणीक सून परातीत भिजवते. काल म्हणाली, "दाल आप ही बनाइए मम्मीजी, मुझसे ठीक नहीं बनती." तिचं वरण चांगलं होतं. मी कुकर लावला.

तुपाचं भांडं आता गरम पाणी आणि साबण लावून लगेच धुवायचं, असं ठरलं आहे. आज सकाळी बेरी मोरीत टाकायची होती. टाकवली नाही. साखर घालून उभ्या उभ्या खाल्ली, हात कोपरापर्यंत धुतले, मग नातीला घेतलं.

हा कागद कुठं धाडायचा नाही, ते मला कळते. तरी विचारते. नळावर त्या लंगोटात रक्त दिसलं होतं तुम्हाला, की नव्हतं? दिसलं असेल तर एकट्यानं कसं धुतलं? मी काही विचारलं की तुम्ही मामंजींना पुढं करायच्या, आणि ते खाकरून पेपर उचलायचे. या वेळी तसं चालणार नाही. मामंजींनी जन्मात लंगोट पाहिला नाही, त्यांना मध्ये घालू नका. उत्तर तुम्हीच द्यायचं.